गेमचं संगीत : मालिकांच्या बॅकग्राउंडमधून तिकडे कसं वळायचं?

गांधार_डोंबिवली

नमस्कार मंडळी. संगीतात पदवी आहे, हार्मोनियम आणि कीबोर्ड व्यवस्थित येतो. सध्या अंधेरीत मराठी मालिकांच्या बॅकग्राउंडसाठी प्रोग्रामिंग करतो. पंच, थीमची रडकी-हसरी-तणावाची रूपं, बासरीचे तुकडे, पॅड असं रोजचं काम. क्युबेस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर हाताखालचं आहे. आता गेमच्या संगीतात शिरायचंय. गेम खेळतो, पण आतलं काही ठाऊक नाही.

नेमकं काय शिकू? शोरीलमध्ये (कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत) काय टाकू? मुंबईत नोकऱ्या आहेत का, की सगळा फ्रीलान्सचाच मामला? मिनिटामागे किती मागायचे? आणि तबला, ढोलकी, बासरी हे जे आपल्याकडे आहे त्याचा तिथे उपयोग होतो, की सगळ्यांना ऑर्केस्ट्राच हवा असतो?

'आवड असेल तर सगळं जमतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

लूपवाला

शेवटची अट आवडली. सरळ मुद्द्यावर येतो.

मालिकेत एपिसोड लॉक होऊन तुमच्याकडे येतो. सीन दोन मिनिटं दहा सेकंदांचा, तर संगीतही तेवढंच. गेममध्ये खेळणारा त्याच दारापुढे दहा सेकंद उभा राहील नाहीतर वीस मिनिटं, आणि संगीताला ते आधी कळत नाही. म्हणून गेमचं संगीत तुकड्यांत लिहितात आणि ते तुकडे कधी, कुठे, कसे जुळायचे याचे नियम संगीतकारानेच बांधून द्यायचे असतात. चाल चांगली असणं गृहीतच असतं. काम मिळतं ते या जोडणीवर. हे काही आजचं नाही, लुकासआर्ट्सने १९९१ मध्ये 'मंकी आयलंड २'साठी आयम्यूज नावाची यंत्रणा याच कारणासाठी वापरली होती.

मुख्य पद्धती दोन. एक थरांची : सारख्या लांबीचे, सारख्या टेम्पोचे चार-पाच स्टेम (एकेका थराची सुटी फाइल) एकाच क्षणी सुरू करायचे, त्यातले बरेचसे शून्य आवाजावर. धोका वाढला की तालवाद्यांचा थर वर, मग ब्रास वर. दुसरी उड्यांची : शोधाशोध, लढाई, विजय असे वेगळे भाग, आणि एकातून दुसऱ्यात उडी फक्त ठरवलेल्या जागीच. बहुतेक गेममध्ये दोन्हींची सरमिसळ असते.

हत्यारं : एफमॉड स्टुडिओ आणि वाइज, म्हणजे संगीताचे तुकडे गेमला जोडायची सॉफ्टवेअरं. आधी एफमॉड घ्या. त्याची टाइमलाइन क्युबेसवाल्याला परकी वाटत नाही आणि शिकायला फुकट आहे. पहिला सराव असा करा. ९६ बीपीएमला १६ बारचे चार स्टेम बनवा : ड्रोन, धून, ताल, ब्रास. बरोबर ४० सेकंद होतात. एका इव्हेंटमध्ये चार ट्रॅकवर ठेवा, सगळ्यावर लूप रीजन ओढा, 'धोका' नावाचा ० ते १०० चा पॅरामीटर बनवा आणि प्रत्येक ट्रॅकचा आवाज त्यावर ऑटोमेट करा. मग पॅरामीटरचा सीक स्पीड (तो किती वेगाने सरकतो ते) कमी करून बघा. तो बसवला नाही, तर शत्रू दिसला-लपला-दिसला की ब्रास दिवा लावल्या-विझवल्यासारखा वाजतो. त्यानंतर ट्रान्झिशन मार्कर (उडीच्या जागा) आणि क्वांटायझेशन (उडी ठरावीक मात्रेवरच घेणं). शेवटी युनिटी या गेम बनवायच्या इंजिनात एखादा फुकट नमुना गेम उघडून त्याला हे जोडा आणि लाइव्ह अपडेटने चालत्या गेममध्ये बदल करून ऐका. हा शेवटचा टप्पा बहुतेक संगीतकार टाळतात आणि तिथेच मागे पडतात.

आता बिघडतं कुठे ते.

लूपची शेपटी. शेवटच्या बारमधला रिव्हर्ब (घुमारा) फाइल संपते तिथे कापला जातो आणि लूप फिरताना खड्डा पडतो. उपाय : लूप सलग दोनदा वाजवा आणि दुसरी फेरी कापून घ्या, म्हणजे पहिल्या फेरीची शेपटी दुसरीच्या सुरुवातीत मिसळलेली मिळते. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेंडरच्या (फाइल काढायच्या) खिडकीतच 'सेकंड पास रेंडर' असा पर्याय आहे, तो हेच करतो. पण पहिल्यांदा वाजताना सुरुवातीला नसलेल्या सुराची शेपटी ऐकू येते, म्हणून इंट्रोची फाइल वेगळी ठेवायची.

एमपी३ कधीही देऊ नका. त्या पद्धतीत एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना रिकामे सॅम्पल घालतो, त्यामुळे लूप अडखळतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह द्या, दाबायचं काम इंजिनात होऊ दे. तिथे व्हॉर्बिस ही दाबायची पद्धत निवडली की लूप शाबूत राहतो.

टीमला एफमॉड नको असेल तर प्रोग्रामर युनिटीत स्टेम थेट वाजवायला जातो, आणि एक स्टेम एका फ्रेममध्ये नि दुसरा पुढच्या फ्रेममध्ये सुरू होतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये हा फरक जवळपास १७ मिलिसेकंदांचा. ढोल आणि बेस एकमेकांना चिकटत नाहीत आणि दोष मिक्सवर येतो. त्याला सांगायचं : प्लेशेड्यूल्ड (ठरल्या वेळी वाजवायची आज्ञा) वापर, वेळ डीएसपी घड्याळाची (आवाजाच्या यंत्रणेच्या स्वतःच्या) घे. टीम गोडो हे इंजिन वापरणारी असेल तर ४.३ पासून त्यात थर आणि उड्या दोन्हींची सोय आतच आहे.

---

मेघना_कु

वरच्या प्रतिसादाला +१. फक्त वाइजला इतकं मागे टाकू नका. मोठ्या स्टुडिओंच्या जाहिरातीत तेच नाव जास्त दिसतं. वाइज बनवणाऱ्या ऑडिओकायनेटिकच्या साइटवर वाइज-१०१ आणि वाइज-२०१ हे धडे मोफत आहेत (प्रमाणपत्राच्या परीक्षेला पैसे पडतात). २०१ हा पूर्णपणे इंटरॅक्टिव्ह म्युझिकवरच आहे. १०१ करताना कंटाळा येतो, तरी करा.

फोनच्या गेमसाठी मेमरीचा हिशेब आला पाहिजे. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ, न दाबलेलं एक मिनिट म्हणजे साधारण साडेअकरा एमबी. दोन मिनिटांचे चार स्टेम झाले ९२ एमबी. तेच १२८ केबीपीएस व्हॉर्बिसमध्ये आठेक एमबी. पण युनिटीत 'डीकम्प्रेस ऑन लोड' हा पर्याय तसाच राहिला तर गेम उघडताना हे सगळं पुन्हा फुगतं आणि स्वस्त फोनवर गेम बंद पडतो. लांब संगीताला 'स्ट्रीमिंग', छोट्या स्टिंगरला (एखाद्या घटनेवर वाजणाऱ्या तुकड्याला) 'कम्प्रेस्ड इन मेमरी'. ड्रोन आणि बेस मोनो दिले तरी कुणाला कळत नाही, जागा मात्र निम्मी होते.

आणि मालिकेची लिमिटर लावून आवाज कचकचून दाबायची सवय इथे सोडा. सोनीच्या शिफारशीनुसार अख्ख्या गेमचा आवाज टीव्हीवर खेळायच्या यंत्रांसाठी उणे २४ लफ्स (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप; दोन इकडेतिकडे) आणि हातातल्या यंत्रांसाठी उणे १८, ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ च्या आत. हा आकडा संवाद, पावलं, स्फोट सगळं धरून आहे. संगीत त्याच्या खालीच बसणार. तुम्ही वीट करून पाठवलंत तर प्रोग्रामर ते दहा-बारा डीबी खाली ओढतो, मग उरतं फक्त चेपलेलं संगीत.

नोकरीचं म्हणाल तर खरं सांगते. 'संगीतकार' या पदाची जाहिरात जवळपास निघत नाही. स्टुडिओत पगारी जागा असते ती ऑडिओ डिझायनरची : पावलं, बटणं, हत्यारं, संवाद बसवणं आणि जमलं तर संगीतही. मुंबईत नझारासारख्या कंपन्या आहेत, युबिसॉफ्टने २०१८ मध्ये इथे स्टुडिओ उघडला, पुण्यात तर बऱ्याच टीम आहेत. पण बाहेरच्या मोठ्या गेमच्या कामात संगीत बहुतेकदा परदेशातच ठरलेलं असतं. रमी, फँटसी वगैरे पैशांच्या अॅपची छोटी छोटी कामं मुंबईत मिळायची, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि तो झरा आटला.

म्हणजे ऑडिओ डिझायनर म्हणून आत शिरणं किंवा छोट्या स्वतंत्र टीमचं फ्रीलान्स काम, हे दोनच खरे रस्ते. दुसऱ्यात गावाचा संबंध राहत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' हा २०२० चा गेम आपल्या पुराणकथांच्या धाटणीचा, त्याचं संगीत मात्र लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. उलट्या दिशेनेही तेच लागू. डोंबिवलीत बसून पोलंडच्या टीमचं काम करायला कुणाची ना नाही.

टीम भेटतात गेम जॅममध्ये (ठरल्या वेळात गेम बनवायच्या मेळाव्यांत). जानेवारीत ग्लोबल गेम जॅम, वर्षभर इच डॉट आयओ या साइटवर कुठला ना कुठला चालूच. ४८ तासांच्या जॅममध्ये तीनच गोष्टी द्या : एक ४० सेकंदांचा थरांचा लूप, एक जिंकल्याचा स्टिंगर, एक हरल्याचा. पाच ट्रॅकचं वचन देऊन दोन अर्धवट देणाऱ्याला पुन्हा कुणी बोलावत नाही.

शोरील दोन मिनिटांच्या आत. पहिल्या २० सेकंदांत सर्वात चांगलं. निदान एक तुकडा स्क्रीन रेकॉर्डिंगचा हवा : एकीकडे गेम चालू, दुसरीकडे एफमॉडचा पॅरामीटर हलतोय आणि संगीत बदलतंय. मालिकांचे सीन टाकू नका. ते चांगले असले तरी समोरच्याला हवं ते त्यातून दिसत नाही, शिवाय त्याचे हक्क चॅनेलकडे असतात.

---

समेवर

तबला-ढोलकीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. उपयोग होतो, भरपूर होतो, पण लूप आणि उड्यांच्या चौकटीत आपली वाद्यं बसवताना चार ठिकाणी घोडं अडतं.

एक, आवर्तनाची लांबी. १२० च्या लयीत तीनतालाचं सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं. उडी फक्त समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) ठेवली तर शत्रू समोर येऊन मारून जाईल तरी संगीत शांतच. म्हणून लढाईत शिरायची उडी दर विभागाला, म्हणजे दर चार मात्रांना, दोन सेकंदांवर ठेवा. लढाईतून बाहेर पडायची मात्र समेवरच. तिथे घाई नसते आणि समेवर सुटलेलं कानाला पूर्ण वाटतं. आठ मात्रांच्या केरव्यात हा प्रश्न निम्मा होतो. रूपक सात मात्रांचा, म्हणून टेम्पो मार्करमध्ये ७/४ लिहायला विसरू नका, नाहीतर क्वांटायझेशन चारच्या हिशेबाने भलत्याच मात्रेवर उडी मारतं.

दोन, तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा बोल. उडीच्या आधी टाकायला याहून चांगला तुकडा नाही, ऐकणाऱ्याला ताल येत नसला तरी 'आता काहीतरी होणार' हे कळतं. बरोबर चार मात्रांची बेदम (मध्ये न थांबणारी) तिहाई अशी बसते : तिरकिट एक मात्रा, धा अर्धी, तिरकिट एक, धा अर्धी, तिरकिट एक, आणि तिसरा धा समेवर. गोम अशी की तो तिसरा धा तिहाईच्या फाइलमध्ये ठेवायचा नाही. तो लढाईच्या तुकड्याचा पहिला ठोका असतो. दोन्हीकडे ठेवलात तर दोन धा किंचित पुढेमागे वाजतात आणि वादकच चुकला असं वाटतं. दुसऱ्या धाची घुमारी मात्र फाइलच्या टोकापलीकडे चालू द्या. वाइजमध्ये एक्झिट क्यू (तुकडा सोडायची खूण) समेच्या जागी ठेवला की पुढची शेपटी नव्या तुकड्याखाली वाजत ठेवता येते.

तीन, तानपुरा. त्याचं आवर्तन तुमच्या टेम्पोला बांधलेलं नसतं. ४० सेकंदांच्या स्टेममध्ये कोंबला की तारेच्या मध्येच काप पडतो. त्याला वेगळा ठेवा, स्वतःच्या लांबीचा : आठ-दहा पूर्ण आवर्तनं, खर्जाची तार छेडण्याच्या जरा आधी काप, वर छोटा क्रॉसफेड. तो बाकी संगीताशी मात्रेने जुळायची गरजच नाही. उलट न जुळल्यामुळे लूप फिरतोय हे लक्षात येत नाही. बासरी-सारंगीची मींड (सुरावरून सुरावर घसरणं) मात्र लूपच्या जोडावर कधीही येऊ देऊ नका. वाक्य जोडाच्या एक मात्रा आधी संपवा.

चार, सूर आणि मुंबईची हवा. तबला एकाच सुरात मिळवलेला असतो. गेममध्ये शोधाचा भाग पांढरी दोन या पट्टीला आणि लढाईचा पांढरी चारला लिहिलात तर दोन्हींसाठी वेगळा तबला वाजवून घ्यावा लागतो. सॉफ्टवेअरने तीन सूर वर ओढलेला तबला पत्र्याच्या डब्यासारखा लागतो. शक्य तर अख्ख्या गेमचा षड्ज एकच ठेवा आणि राग बदला. जून ते सप्टेंबर तबल्याची पुडी (वरचं कातडं) दमट हवेने उतरते. जुलैमध्ये घेतलेला ताल आणि डिसेंबरमध्ये घेतलेला वरचा थर सेंटच्या (सुराच्या अगदी बारीक) फरकाने भांडतात. एका स्तराचे सगळे थर एकाच बैठकीत घ्या, दर दोन-तीन टेकनंतर संदर्भ सूर वाजवून तबल्याचे गठ्ठे (सूर मिळवायचे लाकडी ठोकळे) तपासा, आणि माइकची जागा फोटो काढून ठेवा. खोली कोरडी हवी. खोलीचा घुमारा प्रत्येक थरात आला की चार थर मिळून चिखल होतो.

मुंबईत असण्याचा खरा फायदा मला विचाराल तर हाच. सारंगीवाले, ढोलकीवाले, पखवाजवाले शिफ्टच्या हिशेबाने इथे मिळतात, परदेशी टीमला ते लायब्ररीतून मिळत नाही. शोरीलमध्ये ऑर्केस्ट्राची नक्कल करण्यापेक्षा हे ठेवा.

---

गांधार_डोंबिवली

अफाट माहिती, मंडळी. तिहाईचा मुद्दा आजच करून बघतो. राहिले दोन प्रश्न : पैसे आणि करार. एका छोट्या टीमने 'सगळे हक्क आमचे, पैसे गेम आल्यावर, नफ्यातून पाच टक्के' असं म्हटलंय. काय करू?

---

करारपत्र

ते जसं आहे तसं घेऊ नका.

दर मनाने सांगू नका, तासांवरून काढा. उदाहरणादाखल, एक तयार मिनिट लिहून, प्रोग्राम करून, मिक्स व्हायला तुम्हाला दहा तास आणि दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्यांना तीन तास लागत असतील आणि तासाला ८०० धरलेत, तर मिनिटाला १०,४०० रुपये. वादकांची शिफ्ट आणि स्टुडिओ वेगळा. इंजिनात बसवायचं काम तासावर वेगळं लिहा, ते फुकटात गृहीत धरलं जातं. 'तयार मिनिट' म्हणजे काय हेही लिहा : चार थरांचं एक मिनिट हे एक मिनिट धरायचं की दीड. भांडणं इथेच होतात. पैसे ३०-४०-३० च्या हप्त्यांत, आणि शेवटचा हप्ता फाइल पोहोचण्याशी बांधा, गेम येण्याशी नाही. गेम वर्षभर लांबतात, काही येतच नाहीत.

नफ्यातला वाटा घ्यायचाच तर 'नफा' म्हणजे कशातून काय वजा करून ते लिहून घ्या. गेम विकणाऱ्या स्टीमचे ३० टक्के तर जातातच, त्यावर जाहिरात, ऑफिसभाडं, संस्थापकांचा पगार वजा होत गेला की पाच टक्क्यांचं शून्य होतं. ढोबळ विक्रीतून स्टीमचा वाटा आणि परतावे वजा करून मग टक्केवारी, असं मागा. आणि थोडं तरी रोख आगाऊ.

हक्क. तुम्ही नोकर नसून फ्रीलान्स आहात, तर कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखी अभिहस्तांकन (हक्क लिहून देणं) केल्याशिवाय ते सहसा आपोआप त्यांचे होत नाहीत. कलम १९ : कागदावर काम, हक्क, मुदत, प्रदेश स्पष्ट हवेत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. टीमलाही हे माहीत नसतं, जगभर विकायचा गेम आणि कागदात प्रदेशच नाही असे करार पाहायला मिळतात. तुमच्यासाठी बरा मधला मार्ग : गेम, त्याच्या पुढच्या आवृत्त्या आणि जाहिरातींसाठी जगभर कायमचा परवाना त्यांना, साउंडट्रॅक अल्बमचे हक्क तुमच्याकडे. सगळेच हक्क हवे असतील तर दर वाढवा. २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकाराच्या रॉयल्टीला काही संरक्षण दिलंय, ते तुमच्या करारात कुठवर चालेल हे वकिलाला कागद दाखवूनच ठरवा.

आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या रॉयल्टी संस्थेचे सदस्य असाल किंवा होणार असाल तर ते टीमला आधी सांगा. सदस्य होताना तुमच्या कामांचे काही हक्क संस्थेकडे जातात. 'या संगीतावर तिसऱ्या कुणाचाही हक्क नाही' अशा कलमाखाली मग डोळे मिटून सही करता येत नाही. सॅम्पल लायब्ररीचंही (विकतच्या तयार ध्वनींच्या संचाचंही) तसंच. रचनेत वापरायला बहुतेक परवाने देतात, पण विकतचा तयार लूप एकटाच एका स्टेममध्ये उघडा पडत असेल तर परवाना वाचा.

भारतीय कंपनी फी देताना सहसा १० टक्के टीडीएस कापते, रिटर्नमध्ये हिशेबात धरायचा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी, आणि नोंदणी झाल्यावर परदेशी बिलं करमुक्त पाठवायला एलयूटी (हमीपत्र) भरायचं. अमेरिकी कंपनी डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म मागते, भरून द्या.

---

लूपवाला

अल्बमचे हक्क ठेवलेत तर एक काळजी. वितरकाकडे साउंडट्रॅक चढवताना यूट्यूब कंटेंट आयडीची (संगीत ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेची) खूण चालू राहिली, की तुमचा गेम खेळून दाखवणाऱ्या प्रत्येक स्ट्रीमरच्या व्हिडिओवर दावा लागतो. छोट्या गेमची सगळी जाहिरात त्या मंडळींच्याच जिवावर असते, टीम तुमच्यावर खवळते आणि दावे एकेक करून सोडवण्यात आठवडे जातात. ती खूण चढवतानाच काढा आणि 'कंटेंट आयडी लावणार नाही' हे वाक्य करारात स्वतःहून घाला. टीमला फार बरं वाटतं.